आधी कुलूप लाव

महाल, नागपूर

चि. छोटू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

एकाच गावात राहून मामा पत्र काऊन लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर मी रागावलो असतो आणि तू 'हो मामा, हो मामा' म्हणून मोकळा झाला असतास. कागदावरचं माणूस दोनदा वाचतो, म्हणून लिहितो आहे.

काल उमरेडहून ताईचा फोन आला होता. शेजारची पोरगी तुमच्याच कॉलेजात शिकते. तिने घरी सांगितलं म्हणे, की छोटूदादाने वायफाय सगळ्यांना मोकळं करून दिलं, आता लॉगिनची कटकटच नाही, पोट्टे जाम खूश आहेत. ताई कौतुकाने सांगत होती, पण ऐकता ऐकता माझ्या पोटात गोळा आला. परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, लॉगिनला दोन-दोन मिनिटं, टेबलाभोवती पोरांचा गराडा, वरून साहेबांचे फोन. त्या घाईत तू प्रत्येकाचं वेगळं लॉगिन बंद केलंस आणि एकच पासवर्ड नोटीस बोर्डावर लावलास. घाई मी समजू शकतो. पण ती तारीख जाऊन आठवडा झाला. कुलूप परत लावलंस का?

भाऊजींची निळी वही आठव. पीसीओवर कोणीही येवो, अगदी मी गेलो तरी, तारीख, वेळ, नंबर आणि नाव लिहिल्याशिवाय ते रिसीव्हर हातात देत नसत. त्यांच्या बूथवरून कोणीतरी धमकीचा फोन केला आणि पोलीस दारात आले, तेव्हा त्या वहीतल्या एका ओळीने घर वाचवलं. तू तेव्हा ताईच्या कडेवर होतास. उद्या तुमच्या नेटवरून कोणी भलतंसलतं केलं तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. सरकारच्या सर्ट-इनचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश तुला माहीत आहेत. नोंदी 180 दिवस जपायच्या असतात. सगळी पोरं एकाच पासवर्डने आत आली, तर त्या नोंदीत यंत्रांचे नंबर सापडतील, माणूस सापडणार नाही. भाऊजींच्या मुलाची वही कोरी निघावी, हे मला सहन होणार नाही.

दुसरं. मागे जेवताना तू म्हणालास, की रोज सकाळी लॉगिनचा सर्व्हर बंद करून चालू केला की दुपारपर्यंत बरं चालतं. बाळा, तो इलाज नाही. दुखणं कुठे आहे ते कळायच्या आतच तू त्याच्या खुणा पुसून टाकतोस. हे मी अधिकाराने सांगतो, कारण हीच चूक मी केली आहे.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नवा होतो. इतवारीतले एक निवृत्त मास्तर तक्रार घेऊन यायचे, की रात्री रिसीव्हर उचलला तरी डायल टोन लवकर येत नाही. मी सकाळी दहाला लाइन तपासायचो, टोन लगेच यायचा, मी 'ठीक आढळले' असं लिहून तक्रार बंद करायचो. दोनदा तर नुसतं यंत्र बदललं. एकदा त्यांनी एक चिठ्ठी आणली. पेन्सिलीने आखलेले दोन रकाने, एकीकडे वेळ, दुसरीकडे किती सेकंद थांबावं लागलं ते. आठ रात्रींचा हिशेब होता. मी ती चिठ्ठी चहाच्या कपाखाली ठेवली. पुढे कळलं, की त्यांच्या गटातल्या वर्गणीदारांना लाइन फाइंडर मोजकेच होते, आणि रात्री एसटीडीचे दर उतरले की सगळे एकदम फोन उचलायचे. फाइंडर मोकळा होईपर्यंत टोन येणार कुठून? सगळं उत्तर त्या चिठ्ठीत होतं. मी ते समजून घेईपर्यंत मास्तरांनी फोन परत करून टाकला होता. मुलीशी बोलायला घेतला होता त्यांनी तो.

म्हणून सांगतो, तशी चिठ्ठी तू स्वतः कर. गर्दी दहाला होत असेल तर दहालाच मोज. लॉगिन म्हणजे चार-पाच ठिकाणी थांबण्याची बेरीज असते: फोन अॅक्सेस पॉइंटला जोडला जातो, तिथून विचारणा ओळख तपासणाऱ्या रेडियसकडे जाते, रेडियस डिरेक्टरीत नाव शोधतो, होकार आला की डीएचसीपी पत्ता देतो. प्रत्येक ठिकाणी किती सेकंद गेले ते लॉगमध्ये बघ. दर वेळी ठरावीकच सेकंद जात असतील तर गर्दीला दोष देऊ नकोस. बंद पडलेल्या पहिल्या सर्व्हरला कंट्रोलर हाका मारत बसतो आणि मुदत संपली की मगच दुसऱ्याकडे वळतो, तसं काहीतरी असेल. गर्दीबरोबर वेळ वाढत असेल तर नोंदींचा तक्ता किती फुगलाय आणि त्याला इंडेक्स आहे का ते पाहा. जुन्या नोंदी पुसू नकोस, वेगळ्या काढून ठेव. आणि 254 पत्त्यांच्या पट्ट्यात आठ-आठ दिवसांची लीज ठेवली असशील तर पोरं निघून जातात, पत्ते अडकून राहतात. नव्या पोराला पत्ताच मिळत नाही आणि तो म्हणतो लॉगिन होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि पुन्हा मोज.

2005 च्या सुमारास ब्रॉडबँड आला तेव्हा मी हे रेडियस पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकलो. 1991 साली ते बनलं तेच टेलिफोनवरून डायल करून येणाऱ्यांना ओळखण्यासाठी. त्याच्या नावातच 'डायल-इन' आहे. तेव्हा वाटलं होतं, भाऊजी असते तर त्यांना दाखवलं असतं, की तुमची वही आता यंत्र लिहितं.

फार बोललो. तू कामचुकार नाहीस, हे मी जाणतो. एवढ्या मोठ्या कॅम्पसवर तू एकटा आहेस, मे महिन्यात त्या पत्र्याच्या खोलीत स्विचसमोर टेबलफॅन लावून बसलेलं मी तुला पाहिलं आहे. पोरांची अडचण बघवली नाही म्हणून तू दार उघडलंस. मन चांगलंच आहे तुझं, भाऊजींसारखं. फक्त भाऊजी दार उघडायच्या आधी नाव लिहून घेत.

साहेब ओरडले तर 'दोन दिवस द्या, कारण शोधून सांगतो' एवढं स्पष्ट म्हण. त्यात कमीपणा नाही. एकट्याने निस्तरत बसू नकोस. रात्री कितीही वाजता फोन कर, मी उचलेन.

रविवारी जेवायला ये. मामी गोळाभात करणार आहे. निळी वही ताईने माझ्याकडे ठेवायला दिली होती, ती काढून ठेवली आहे. भाऊजींचं अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं. आता ती तुझ्याजवळ असू दे.

तुझा,
मामा