छोटा संगणक प्रकल्प : आरंभापासून हस्तांतरापर्यंत
(अभ्यासलेख : इयत्ता आठवी ते दहावीसाठी)



संगणक शिकणे म्हटले की आपल्यापुढे दोन गोष्टी येतात. एक टंकलेखन आणि दुसरी प्रोग्राम लिहिणे. याशिवाय तिसरेही एक काम आहे, ज्याचा धडा पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. ते म्हणजे एखादा छोटा प्रकल्प पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळणे. काय करायचे ठरले, किती झाले, कुठे अडले, निर्णय कोणी घेतला आणि काम संपल्यावर ते कोणाच्या हाती गेले, याकडे जो लक्ष ठेवतो त्याला प्रकल्प-साहाय्यक म्हणतात. प्रोग्राम लिहिता येत नसला तरी हे काम शिकता येते. त्यासाठी नीट ऐकणे, लिहून ठेवणे आणि वेळेवर विचारणे या तीन सवयी लागतात.

या लेखात आम्ही एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे : शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची संगणकावरील यादी. हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या शाळेतील जुने मराठी पुस्तक हरवले, तर त्याची दुसरी प्रत इथे सहज मिळत नाही. पुस्तक कपाटात असूनही त्याची नोंद सापडत नसेल, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. शिवाय शाळेतील काम करणारे हात दरवर्षी बदलतात. दहावीची मुले मार्चमध्ये शाळा सोडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांना ठाऊक असलेले सारेही जाते. म्हणून ‘हे काम पुढे कोण चालवणार?’ हा प्रश्न शेवटी नव्हे, पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

बडोद्याचा धडा

हा प्रश्न आपल्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी संस्थानात सार्वजनिक ग्रंथालये उभारण्यासाठी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावले. बॉर्डन येथे १९१३ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षे होते. त्या काळात त्यांनी केवळ पुस्तके लावून दिली नाहीत, तर १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. बॉर्डन परत गेले, पण खेड्यापाड्यांतील ग्रंथालये आणि पेट्यांतून गावोगावी जाणारी फिरती ग्रंथालये चालू राहिली, कारण ते काम शिकलेली माणसे येथे तयार झाली होती. त्या वेळी संगणक नव्हता, परंतु आजच्या प्रकल्पालाही हाच नियम लागू पडतो.

पायरी पहिली : गरज लिहून काढणे

‘ग्रंथालयाचे संगणकीकरण करायचे’ हे वाक्य ऐकायला चांगले आहे, पण त्यावरून काम सुरू करता येत नाही. साहाय्यकाने प्रथम तीन प्रकारच्या लोकांना भेटावे : वापरणारे (ग्रंथपाल, शिक्षक, विद्यार्थी), निर्णय घेणारे (मुख्याध्यापक, विश्वस्त) आणि प्रत्यक्ष काम करणारे. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : ‘आज तुमची अडचण नेमकी कोणती आहे?’ ग्रंथपाल कदाचित म्हणतील, ‘पुस्तक कोणाकडे गेले ते शोधायला वेळ लागतो.’ विद्यार्थी म्हणेल, ‘कोणत्या लेखकाची किती पुस्तके आहेत ते कळत नाही.’ या दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिलीला देवघेवीची नोंद हवी, दुसरीला पुस्तकांची यादी. दोन्हींचा पाया यादीच असल्यामुळे आधी यादी.

मग एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : काय करायचे, काय करायचे नाही, केव्हापर्यंत करायचे आणि काम पूर्ण झाले हे कशावरून ठरवायचे. त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यावी. पुढे मतभेद झाला, तर हाच कागद उपयोगी पडतो.

पायरी दुसरी : वेळेचा हिशेब

समजा, ग्रंथालयात ५,००० पुस्तके आहेत. एकाने पुस्तक पाहून वाचायचे आणि दुसऱ्याने टाइप करायचे, अशा जोडीला एका पुस्तकाला ४ मिनिटे लागतात असे धरू. म्हणजे २०,००० मिनिटे, सुमारे ३३३ तास. अशा तीन जोड्यांनी आठवड्याला दोन-दोन तास दिले, तर आठवड्याचे ६ तास होतात. काम संपायला ५५ हून अधिक आठवडे लागतील, आणि शाळेचे वर्ष तर तेवढे नसते! हे काम याच वर्षी पुरे होणार नाही, ते आपल्याला एकही पुस्तक न उघडता कळले.

आता पर्याय दोन. जोड्या वाढवायच्या किंवा काम कमी करायचे. त्यांपैकी मराठीची पुस्तके २,००० असतील आणि तेवढीच आधी घेतली, तर ८,००० मिनिटे, म्हणजे सुमारे १३३ तास लागतील. त्याच तीन जोड्यांना हे सुमारे २२ आठवड्यांचे काम आहे. जुलैत सुरू केले तर दिवाळीची सुटी धरूनही डिसेंबरअखेर होऊ शकते. कोणता पर्याय घ्यायचा ते विश्वस्तांनी ठरवावे, साहाय्यकाने फक्त हिशेब पुढे ठेवावा.

पायरी तिसरी : साधन निवडणे

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील एका छोट्या ग्रंथालय-संस्थेपुढे १९९९ मध्ये अडचण उभी राहिली. त्यांची जुनी संगणकप्रणाली २००० सालाची तारीख नीट हाताळू शकणार नव्हती. त्यांनी एका लहान स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली करून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती सुरूही झाली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही प्रणाली त्यांनी आपल्यापुरती ठेवली नाही, सर्वांसाठी खुली केली. म्हणूनच आज जगभरची माणसे तिच्यात सुधारणा करत असतात आणि भारतातीलही अनेक ग्रंथालये ती वापरतात. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही आहे.

परंतु प्रणाली विनामूल्य असली तरी ती बसवणे, चालू ठेवणे आणि शिकवणे याला वेळ आणि खर्च लागतो. आमचा सल्ला असा की सुरुवात साध्या तक्त्याने, म्हणजे एक्सेल किंवा लिब्रेऑफिसच्या कॅल्कने करावी. यादी शुद्ध असेल तर ती पुढे मोठ्या प्रणालीत नेता येते. यादीच अशुद्ध असेल तर कोणतीही प्रणाली ती सुधारून देत नाही.

पायरी चौथी : नियम ठरवणे आणि चाचणी

मराठी यादीत खरी कसोटी इथे लागते. ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे, पु. ल.’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ हे आपल्याला एकच, पण संगणकाला तीन लेखक वाटतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचेही तसेच. म्हणून आडनाव आधी लिहायचे की नंतर, टोपणनाव कोणत्या रकान्यात घालायचे, हे टंकलेखन सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे.

लिपीबाबतही नियम हवा. नावे रोमन लिपीत लिहिली तर ‘श्यामची आई’ कोणी ‘एस-एच-वाय’ने सुरू करील, कोणी ‘एस-एच-ए’ने, आणि मग पुस्तक शोधून मिळणार नाही. म्हणून देवनागरीच, आणि तीही युनिकोडमधील. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांमध्ये आत इंग्रजी अक्षरांचीच जागा वापरलेली असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. तरीही सावधगिरी हवी. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. काही जण तो ‘अ’वर चंद्र जोडून टाइप करतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना संगणक त्यांना वेगळे मानू शकतो.

नियम ठरल्यावर आधी फक्त १०० पुस्तके घ्यावीत. त्यांत मुद्दाम अवघड पुस्तके असावीत : दोन प्रतींची, दोन लेखकांची, मुखपृष्ठ फाटलेली, प्रकाशनवर्ष नसलेली. घड्याळ लावून वेळ मोजावी. ४ ऐवजी ६ मिनिटे लागली, तर २,००० पुस्तकांना २०० तास, म्हणजे ३३ आठवडे लागतील. हे जुलैतच कळले तर योजना बदलता येते. नोव्हेंबरात कळले तर धावपळच होते.

पायरी पाचवी : रोजचे काम आणि एक वही

साहाय्यकाने एक वही ठेवावी. तिचे चार भाग करावेत : कामे, निर्णय, अडचणी, बदल. प्रत्येक नोंदीला तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे सर्वांनी बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : गेल्या आठवड्यात काय झाले, पुढच्या आठवड्यात काय होणार, काय अडले आहे. कोणाचे काम मागे पडले तर त्याला दोष देण्यासाठी ही बैठक नाही. अडचण वेळीच कळावी यासाठी ती आहे.

‘बदल’ हा भाग फार महत्त्वाचा. काम रंगात आले की कोणीतरी म्हणते, ‘मुखपृष्ठांचे फोटोही घेऊन टाकू.’ कल्पना चांगलीच आहे. पण एका पुस्तकाला २ मिनिटे धरली तरी २,००० पुस्तकांना सुमारे ६७ तास, म्हणजे आपल्या तीन जोड्यांचे आणखी ११ आठवडे. साहाय्यकाने ‘नाही’ म्हणायचे नाही आणि ‘हो’ही म्हणायचे नाही. हा हिशेब वहीत लिहून निर्णय घेणाऱ्यांकडे न्यायचा.

रोजच्या कामात बॅकअपही येतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक शाळेबाहेर सुरक्षित ठिकाणी, हा जुना आणि चांगला नियम आहे. महिन्यातून एकदा त्यातील प्रत उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पुढे देवघेव संगणकावर आली की मुलांची नावेही त्यात येतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. तेव्हा नाव, इयत्ता आणि हजेरी क्रमांक पुरेसा असेल तर घरचा पत्ता व फोन मागू नयेत.

पायरी सहावी : हस्तांतर

यादी पूर्ण झाली, नारळ फोडला, फोटो काढला की प्रकल्प संपला असे आपण समजतो. खरे तर तेव्हा शेवटची पायरी सुरू होते. एक महिना जुनी नोंदवही आणि नवी यादी दोन्ही चालू ठेवाव्यात. दर आठवड्याला वीस पुस्तके काढून दोन्हींतील नोंदी जुळतात का ते पाहावे. नंतर दोन-तीन पानांची माहितीपत्रिका मराठीत लिहावी : फाइल कुठे आहे, नवे पुस्तक कसे नोंदवायचे, लेखकाचे नाव कोणत्या नियमाने लिहायचे, बॅकअप कोणत्या दिवशी घ्यायचा, बिघाड झाल्यास कोणाला सांगायचे. पासवर्ड त्या पत्रिकेत लिहू नये. तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा, एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात नव्हे.

आता परीक्षा. प्रकल्पात नसलेल्या नववीच्या एका विद्यार्थ्याला ती पत्रिका द्यावी आणि कोणीही तोंडी न सांगता त्याला पाच नवी पुस्तके नोंदवायला सांगावे. तो जिथे अडेल तिथे दोष त्याचा नसून पत्रिकेचा आहे असे समजून तेवढा भाग सुधारावा. त्याला सर्व जमले की पहिल्या दिवशीचा तो सही केलेला कागद काढावा, ठरले ते झाले का ते पडताळावे आणि मग प्रकल्प पूर्ण झाल्याची नोंद वहीत करावी.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे की अशा कामाला मंजुरी देताना संगणकाच्या किमतीबरोबर पुढील तीन वर्षांच्या देखभालीची तरतूदही पाहावी आणि जबाबदार शिक्षकाचे नाव ठरावातच लिहावे. पालकांनी मुलांना आठवड्याचे ते दोन तास अवश्य द्यावेत. हिशेब, शुद्धलेखन आणि दिलेला शब्द पाळणे, हे तिन्ही त्यात शिकायला मिळते.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील पुस्तके मोजा. एका पुस्तकाला ४ मिनिटे धरून यादीला किती तास लागतील ते काढा. मग दहा पुस्तकांची नोंद प्रत्यक्ष करून तुमचा हिशेब तपासा.

२. शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांचे निकाल संगणकावर ठेवायचे आहेत. ‘काय करायचे’ आणि ‘काय करायचे नाही’ याच्या प्रत्येकी तीन ओळी लिहा.

३. लेखकांची नावे लिहिण्याचे पाच नियम तयार करा. टोपणनाव आणि दोन लेखकांचे पुस्तक यांचा त्यांत विचार करा.

४. घरातील एखादे काम, जसे गॅसची नोंदणी किंवा विजेचे बिल भरणे, कसे करायचे ते एका पानावर लिहा. ते पान आजी-आजोबांना द्या आणि न बोलता पाहा. ते कुठे थांबले ते टिपून पान पुन्हा लिहा.