सुईने दुखणे थांबते का?

सुई म्हटली की आपल्याला इंजेक्शन आठवते. या पाठात आम्ही एका निराळ्या सुईची माहिती देणार आहोत. ही सुई पोकळ नसते. तिच्यात औषध नसते. ती केसासारखी बारीक असते. चिनी वैद्य ती अंगात ठरावीक जागी टोचतात, वीस-तीस मिनिटे तशीच ठेवतात आणि मग काढून घेतात. या उपचाराला 'ॲक्युपंक्चर' म्हणतात. आपण त्याला सुईचा उपचार म्हणू या.

हा उपचार फार जुना. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथात तो सांगितला आहे. जुन्या वैद्यांचे म्हणणे असे, की शेतात पाटाचे पाणी खेळते, तशी अंगात एक शक्ती खेळते. तिला ते 'ची' म्हणतात. तिच्या मुख्य वाटा बारा. पाट तुंबला की पीक सुकते, तशी ही वाट तुंबली की माणूस आजारी पडतो. मग सुई टोचून वाट मोकळी करायची.

चीनशी आपला एक जुना ऋणानुबंध आहे, बरं का! १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर तिथल्या जखमींच्या मदतीला गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ साली ते तिकडेच वारले. त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू मायदेशी परतले. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, सुईचा उपचार शिकले आणि कलकत्त्यात तो करू लागले.

आता मुद्द्याचा प्रश्न. गुण येतो का?

'शेजारच्या मावशींना आला,' एवढ्यावर विसंबून चालत नाही. काही दुखणी आपोआपही कमी होतात. म्हणून उपचार पारखून घ्यावा लागतो. जर्मनीत अशी एक मोठी पारख झाली. तिचा निकाल २००७ साली छापून आला. जुन्या कंबरदुखीचे १,१६२ रोगी निवडले. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला चिनी रीतीने नेमक्या जागी सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला भलत्याच जागी वरवर टोचल्या. तिसऱ्या गटाला नेहमीची औषधे आणि व्यायाम दिला.

सहा महिन्यांनी काय दिसले? पहिल्या गटात शंभरांतल्या सुमारे ४८ जणांना गुण आला. दुसऱ्या गटात ४४ जणांना. तिसऱ्या गटात २७ जणांना.

यातून दोन गोष्टी कळतात. सुयांनी पुष्कळांना आराम पडला, ही एक. पण सुई नेमक्या जागी टोचली काय आणि भलतीकडे टोचली काय, फारसा फरक पडला नाही, ही दुसरी. म्हणजे दुखणे हलके झाले खरे, पण शक्तीच्या वाटांची गोष्ट त्यातून सिद्ध झाली नाही. आणि सुया टोचूनही निम्म्यांहून अधिक लोकांना पुरेसा गुण आला नाही, हेही विसरू नका.

म्हणून आमचे सांगणे असे. आधी डॉक्टरकडून दुखण्याचे कारण शोधून घ्या. कंबर कधी ओझ्याने दुखते, तर कधी मणक्याला क्षय झाल्यामुळे दुखते. सुईने दुखणे दबेल, पण क्षय आतल्या आत वाढत राहील. कंबरेबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, पायातले बळ जात असेल किंवा लघवी अडत असेल, तर तडक दवाखाना गाठा. सुया टोचून घेतल्या म्हणून रक्तदाबाची गोळी किंवा मधुमेहाचे इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका.

सुईची स्वच्छताही पाहा. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ पसरते. एड्सचीही भीती असते. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. असे क्वचितच घडते, पण अडाणी हातात घडू शकते. महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ सालचा कायदा आहे.

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा उपचार करणाऱ्याचा नोंदणीचा दाखला मागा आणि वाचा. सुयांचे पाकीट बंद आहे ना, ते पाहा. त्यावरची तारीख वाचा. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. विचारायला संकोच कसला? अंग आपले आहे.

प्रश्न
१. जर्मनीत रोग्यांचे तीन गट कशासाठी केले?
२. कंबरदुखीत कोणती लक्षणे दिसली तर तडक दवाखान्यात जावे?
३. सुई टोचून घेण्याआधी तुम्ही काय काय वाचाल?