हजेरीपट आणि लसीचे कार्ड



वस्तीतील मुलांसाठी काही करावे, असे पुष्कळांना वाटते. मग वह्यांचे वाटप होते, भाषणे होतात आणि पंधरा दिवसांनी तेच मूल शाळेत गैरहजर असते. ते का, हे आपण विचारीत नाही. हजेरीपटावरील खाडा पुष्कळदा आळसाचा नसतो. तो जुलाबाचा, तापाचा, किंवा आजारी धाकट्या भावंडाला सांभाळण्याचा असतो. म्हणून शिक्षण व आरोग्य ही दोन निराळी कामे नव्हेत.

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करतानाच त्यांना लागण झाली व त्यात त्यांचा अंत झाला. शिक्षकाचे काम वर्गाच्या दारापाशी संपते, असे त्यांनी मानले नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरली आणि लहान मुले दगावली. लस मोफत होती, तरी अनेक मुलांना ती मिळालेली नव्हती. रोजंदारी बुडवून आईने केंद्रावर कधी जावे? गोवर अंगावरून गेला तरी मुलाची प्रतिकारशक्ती पुढे कित्येक महिने क्षीण राहते, आणि शाळा बुडतच राहते.

मग आपण काय करावे?

१) आपल्या गल्लीतील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे लसीचे कार्ड पाहा. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. ती चुकली असेल, तर पाच वर्षांपर्यंत घेता येते. आईला सवड नसेल, तर तिच्यासोबत जा.

२) जुलाब होताच ओआरएस द्या. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध थांबवू नका. मूल सुस्त झाले, किंवा पाणीही पिईना, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

३) जन्मदाखला नाही म्हणून शाळेने परत पाठविले, तर गप्प बसू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

यासाठी देणगी लागत नाही. एक वही घ्या, दहा घरांची नावे लिहा आणि येत्या रविवारपासून आरंभ करा.