धडधडीचं बी.पी. आणि घराण्याचं बी.पी.

प्रश्न : वय 29. मालेगावात आमचे यंत्रमाग आहेत. वडील आणि काका दोघांनाही बी.पी.चा त्रास. व्यापाऱ्याने पैसे थकवले की माझी छाती धडधडते. तेव्हा मोजलं तर 150/94. रात्री घरी 126/80. गोळी सुरू करू का? – एक वाचक, मालेगाव

उत्तर : एवढ्यावरून नाही. भांडणाच्या भरात कुणाचंही बी.पी. चढतं, तो आकडा म्हणजे आजार नव्हे. पण वडील-काकांची गोष्ट मी हलक्यात घेणार नाही. अमेरिकेत 103 तरुण पुरुषांवर 10 वर्षं लक्ष ठेवून 1999मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसतं ताणात बी.पी. उसळणं पुढचं फारसं सांगत नव्हतं. घराण्यात बी.पी. असेल आणि रोजचा ताणही असेल, तेव्हाच ते उसळणं महागात पडत होतं. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी आहेत. (मागांचा खडखडाट वेगळाच. सततचा मोठा आवाजही बी.पी.ला पोषक, कानात बोळे घालत जा.)

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीला ठेवून दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कमी आली तरी मीठ दिवसाला चमचाभराच्या आत ठेवा, तंबाखू सोडा. वडिलांची गोळी मात्र उसनी घेऊ नका. धडधडीबरोबर छातीत दुखलं किंवा घाम फुटला, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.