फुगलेल्या पाकिटात आहे तरी काय?

आमच्या भाच्याचा शेव-चिवड्याचा लहान कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची चाळीस खोकी परत आली. तक्रार एकच, माल खवट. पाकिटे मात्र टम्म फुगलेली! यंत्र विकणाऱ्याने त्याला सांगितले होते, "पाकीट फुगले की काम झाले." आम्ही पडलो कापडवाले, थान मोजल्याखेरीज घेत नाही. आम्ही विचारले, आत ऑक्सिजन किती हे कोणी मोजले का? कोणीच नाही.

पाकीट नुसत्या हवेनेही फुगते. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि तोच तेलाला खवट करतो. त्याला हुसकावण्यासाठी नायट्रोजन सोडतात. तळलेल्या मालात ऑक्सिजन साधारण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे.

मोजण्याचे यंत्र हातात मावेल एवढेही मिळते. पाकिटावर रबराची चिकट चकती लावून तिच्यातून पोकळ सुई आत घालायची. यंत्र थोडा वायू ओढून टक्केवारी दाखवते. चकती नसली तर छिद्रातून बाहेरची हवा शिरते आणि आकडा खोटा येतो. सुई मालात रुतू देऊ नये, तेल-चुरा ओढला गेला की यंत्र बिघडते. कामाआधी ते मोकळ्या हवेत धरून २०.९ दाखवते का, हे पाहावे. टोचलेले पाकीट विकता येत नाही, तेवढे नुकसान हिशेबात धरावे.

मात्र एका मापाने भागत नाही. एक माप पॅकिंग होताच घ्यावे, दुसरे त्याच घाण्याच्या दुसऱ्या पाकिटाचे आठवड्याने. पहिलेच जास्त आले तर दोष नायट्रोजन भरण्यात. पहिले ठीक आणि दुसरे चढलेले, तर सील तपासावे. पाकीट पाण्याखाली दाबले की गळती बुडबुड्यांनी बहुधा कळते. बुडबुडे नसतील तर फिल्मवर संशय घ्यावा. साधे पॉलिथिन ओल अडवते, ऑक्सिजन नाही. टोस्ट-खारीवाल्यांचे थोडे निराळे. पदार्थाच्या पोकळीत अडकलेली हवा मागाहून निघते, त्यामुळे सील पक्के असूनही आकडा वाढतो.

भाच्याचे पहिलेच माप ११ टक्के निघाले! नायट्रोजनची नळी आखूड, पाकिटाच्या तोंडापर्यंत पोहोचतच नव्हती. कारीगराने ती बदलली, आकडा दीडवर आला. सिलिंडरची खोली मात्र अजून कोंदट आहे, तिला खिडकी पाडायला आम्ही बजावले आहे. नायट्रोजनला वास नसतो. बंद खोलीत गळला तर माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.