एका पेटीत दोन आयुष्यं

चि. अद्वैत यास,



पगारातून बाजूला ठेवलेल्या पैशांत वायरलेस अ‍ॅक्टिव्ह स्पीकरची जोडी घ्यावी, की साधे पॅसिव्ह स्पीकर आणि त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, असं तू विचारलं आहेस. मित्र म्हणतात, तारांचा पसारा आता कोण मांडतो. जुने शौकीन म्हणतात, खरा आवाज पॅसिव्हमध्येच. माझं उत्तर आधी सांगते आणि मग त्याची कारणं. आवाजाच्या शास्त्रात अ‍ॅक्टिव्हची बाजू बळकट आहे, यात मला शंका नाही. तरीही तुझी निवड आयुष्याच्या हिशेबाने व्हावी असं मला वाटतं. आवाज निर्माण करणारा भाग नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं काम देतो. इंटरनेटवरून गाणं आणून देणारा भाग म्हणजे एक छोटा संगणक, आणि तो थोड्याच वर्षांत जुना होतो. हे दोन भाग एकमेकांत असे जखडले असतील की एक निकामी झाल्यावर दुसराही टाकावा लागेल, तर ती पेटी घेऊ नकोस, मग तिचा आवाज दुकानात कितीही गोड वाटो.

आधी अ‍ॅक्टिव्हचं बळ कशात आहे ते समजून घे. बहुतेक स्पीकरमध्ये खालच्या स्वरांसाठी वूफर आणि वरच्या स्वरांसाठी ट्वीटर असतो, आणि ध्वनीची ही वाटणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. पॅसिव्ह स्पीकरमध्ये ही वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर होते. म्हणजे आधी मोठी केलेली पूर्ण वीज कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांतून जाते, तिच्यातली काही उष्णतेत वाया जाते आणि वूफरवरची अ‍ॅम्प्लिफायरची पकड सैल होते. शिवाय जोरात वाजवताना वूफर-ट्वीटरमधली व्हॉइस कॉइल तापते, तिचा रोध वाढतो आणि ठरावीक रोध धरून आखलेली वाटणी थोडी सरकते. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये वाटणी आधीच, अगदी क्षीण संकेतावर होते आणि मग वूफरला वेगळा, ट्वीटरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर थेट जोडलेला असतो. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी अशा अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हरवर १९७६ साली लिहिलेला लेख आजही या विद्येचा पाया मानला जातो. पुढे ही वाटणी डिजिटल गणिताने होऊ लागली, तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरचे, म्हणजे वूफर-ट्वीटरचे, बारीक दोष दुरुस्त करणं आणि भिंतीजवळ ठेवल्यावर फुगणारा खर्ज उतरवणं हेही त्याच पेटीत शक्य झालं. फक्त एक काळजी घे: नुसता अ‍ॅम्प्लिफायर पेटीत बसवला म्हणून स्पीकर अ‍ॅक्टिव्ह होत नाही. स्वस्तातल्या कितीतरी जोड्यांत आत पॅसिव्ह क्रॉसओव्हरच असतो. प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आहे का, हे विचारून घे.

हा फरक कागदावरचाच आहे की काय, हे पडताळायला एक चांगलं उदाहरण उपलब्ध आहे. केईएफ या ब्रिटिश कंपनीने २०२० साली एकच ड्रायव्हर दोन रूपांत बाजारात आणला: पॅसिव्ह रूपात एलएस५० मेटा आणि अ‍ॅक्टिव्ह रूपात एलएस५० वायरलेस टू. पेटीचा आकार जवळपास सारखा, ड्रायव्हर त्याच पिढीचा. वायरलेस जोडीत प्रत्येक पेटीत खालच्या स्वरांसाठी २८० वॉटचा आणि वरच्यांसाठी १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे सहा डेसिबल घट होईपर्यंत पॅसिव्ह जोडी ४७ हर्ट्झपर्यंत उतरते, अ‍ॅक्टिव्ह ४० पर्यंत. तेवढ्याच पेटीतून अधिक खोल खर्ज निघतो, तो डिजिटल गणिताच्या आणि जोरदार अ‍ॅम्प्लिफायरच्या बळावर. किमतीचा हिशेबही पाहा. बाजारात आली तेव्हा अमेरिकेत पॅसिव्ह जोडी सुमारे १,५०० डॉलरला होती आणि अ‍ॅक्टिव्ह सुमारे २,५००ला. वरच्या हजारात अ‍ॅम्प्लिफायर, डिजिटल संकेत उलगडणारा डॅक आणि इंटरनेटशी जोडणारा स्ट्रीमर, सगळं आलं. या तिन्ही वस्तू त्याच दर्जाच्या वेगळ्या घ्यायला गेलास तर हजारात भागवणं कठीण. पॅसिव्ह स्वस्त वाटतो, कारण त्याच्या पाटीवर अर्धीच किंमत लिहिलेली असते.

पॅसिव्हचा आवाज नैसर्गिक, उबदार असतो, असं शौकीन ठामपणे सांगतात. त्यांच्या आवडीचा मान ठेवू, पण पुरावा तपासू. फ्लॉइड टूल यांनी कॅनडातल्या ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत १९८०च्या दशकात श्रोत्यांना स्पीकर न दाखवता ऐकवले. नाव, किंमत, रूप काहीच दिसत नसताना बहुसंख्य श्रोत्यांची पसंती अशा स्पीकरना मिळाली, ज्यांचा आवाज समोरून सपाट आणि बाजूंनाही सुरळीत पसरणारा होता. म्हणजे चांगुलपणा मोजता येतो, आणि तो अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह या जातींवर अवलंबून नसून आखणीच्या नेमकेपणावर अवलंबून आहे. पॅसिव्हमध्येही तो साधता येतो, अ‍ॅक्टिव्हमध्ये तो साधण्याची हत्यारं जास्त आहेत. ध्वनिमुद्रण करणारी मंडळीही फार पूर्वी त्या बाजूला वळली. फिनलंडची जेनेलेक कंपनी १९७८ पासून अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरच बनवत आली आहे आणि जगभरच्या स्टुडिओंत ते आहेत. जे गाणं तू ऐकतोस त्याचं संतुलन बहुधा अ‍ॅक्टिव्ह स्पीकरवरच ठरलेलं असतं.

दुसरा आक्षेप वायरलेसवर: तार गेली की आवाजाचा दर्जाही जातो. इथे ब्लूटूथ आणि वाय-फाय यांची गल्लत होते. सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवरचा एलडॅक हा कोडेक, म्हणजे ध्वनी आवळून पाठवण्याची पद्धत, जास्तीत जास्त ९९० नेतो, साधा एसबीसी कोडेक तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून ब्लूटूथवर बहुतेक वेळा काहीतरी गाळावं लागतं. वाय-फायला ही अडचण नाही; सीडीइतका किंवा त्याहून तपशीलवार ध्वनी त्यावरून काही न गाळता येतो. तेव्हा दर्जाच्या नावाखाली वाय-फाय नाकारण्याचं कारण नाही. मात्र 'वायरलेस' ऐकून तारा संपतील असंही समजू नकोस. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह जोड्यांत दोन्ही पेट्यांना विजेचा प्लग लागतो, म्हणजे तुझ्या खोलीत दोन ठिकाणी सॉकेट हवा. पॅसिव्ह पेटीला फक्त स्पीकरची तार पुरते.

इथवर सगळं अ‍ॅक्टिव्हच्या बाजूचं झालं. आता आयुष्याकडे ये. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा इवलासा पॅसिव्ह स्पीकर आखला. त्या काळच्या जोड्या आजही वाजतात, आणि ज्या सेवा तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या त्यांच्यावरचं संगीत वाजवतात. कारण त्या पेटीला बाहेरच्या जगाशी जोडणारे फक्त दोन खिळे आहेत, आणि ते कधी जुने होत नाहीत. याच्या उलट २००० नंतर आयपॉड बसवायची खाच असलेले स्पीकर घरोघरी आले. २०१२मध्ये अ‍ॅपलने तीस पिनांची जोडणी सोडून लाइटनिंग आणली आणि ती खाच नव्या फोनसाठी निरुपयोगी झाली. पुढे खाच जाऊन सॉफ्टवेअर आलं, पण गोष्ट तीच राहिली. जानेवारी २०२०मध्ये सोनोस कंपनीने जाहीर केलं की तिच्या सर्वांत जुन्या उपकरणांना त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर नवी सुधारणा मिळणार नाही. ग्राहक चिडले, तेव्हा कंपनीला खुलासे करावे लागले आणि जुन्या-नव्या उपकरणांसाठी दोन वेगळी अ‍ॅप ठेवावी लागली. मे २०२४मध्ये त्याच कंपनीचं नवं अ‍ॅप आलं, त्यात आधीच्या कितीतरी सोयी नव्हत्या आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. या सगळ्या काळात लोकांच्या घरातले वूफर आणि ट्वीटर धडधाकट होते. बिघडलं होतं ते त्यांच्यापर्यंत गाणं पोचवणारं दार.

यावर कोणी म्हणेल, फोन आपण चार-पाच वर्षांनी बदलतो, मग स्पीकरने जन्मभर का टिकावं? कारण दोन्हींच्या विद्येचा वेग वेगळा आहे. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६०-७०च्या दशकांत पेटी आणि वूफर यांचं जे गणित मांडलं, त्यावर आजही स्पीकर आखले जातात. चांगला ड्रायव्हर दहा वर्षांनी कालबाह्य ठरत नाही, संगणक ठरतो. पट्टा झिजला म्हणून घड्याळ कोणी फेकत नाही. पण पट्टा घड्याळातच ओतलेला असेल तर फेकावंच लागतं, आणि मग ती धातू, चुंबक, लाकूड यांची उधळपट्टी होते.

पॅसिव्हवालेही इथे फार उड्या मारू शकत नाहीत. त्यांच्या पेट्यांतही फोमची कड काही वर्षांत भुगा होते, कपॅसिटर सुकतात, कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारत गेलास तर अशा दुरुस्त्यांचा जाणकार सापडतो. अ‍ॅक्टिव्ह पेटीतला छापील बोर्ड जळाला तर गाठ कंपनीच्या सेवा केंद्राशी, आणि सुटा भाग मिळाला नाही तर अख्खी पेटी मुकी. आपल्याकडे विजेचा दाब खालीवर होतो, पावसाळ्यात जातो-येतो. म्हणून हा धोका खरा आहे. माझ्या मताविरुद्धचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि मी तो मान्य करते. त्यावर उपाय आहे: चांगला सर्ज प्रोटेक्टर, आणि भारतात सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीचीच निवड. पॅसिव्हचा दुसरा मोठेपणा म्हणून सांगतात ती अ‍ॅम्प्लिफायर बदलत राहण्याची मुभा मात्र मला मोठी वाटत नाही. तुझी खोली दहा बाय बारा फुटांची. तीत ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास खर्ज काही जागी फुगणार, काही जागी हरवणार. दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि तो स्पीकर हातभर सरकवून बदलतो, त्याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा माझा सल्ला असा. भाड्याचं घर, लहान खोली, अनेकदा सामान हलवणं, हे पाहता तू खरीखुरी अ‍ॅक्टिव्ह जोडी घे, पण मागच्या बाजूला तारेची दारं आहेत का ते आधी बघ: निदान एक अ‍ॅनालॉग आणि एक ऑप्टिकल. वर सांगितलेल्या वायरलेस जोडीला अशी दारं आहेत, म्हणून तिचं वाय-फाय जुनं झालं तरी ती वाजू शकेल. बजेट कमी असेल तर वाय-फाय नसलेले साधे अ‍ॅक्टिव्ह स्टुडिओ मॉनिटर घे आणि बाहेर एक स्वस्त स्ट्रीमर जोड. तो पाच वर्षांनी बदलावा लागला तर मनाला लागणार नाही. दुकानात गेलास की विक्रेत्यासमोर वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करायला लाव, अ‍ॅप न उघडता तारेने गाणं लाव आणि आवाज कमी-जास्त करून बघ. जी जोडी यात अडखळली ती घेऊ नकोस. आणि तुझ्या बजेटात अशी अ‍ॅक्टिव्ह जोडी मिळालीच नाही, किंवा दुरुस्तीची खात्री कोणी देईना, तर बेलाशक पॅसिव्ह जोडी आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर घे. आवाजात थोडं कमी पडेल, पण तुझे पैसे वीस वर्षांनीही गात असतील. काय ठरवतोस ते कळव.

तुझी,
मावशी