मेशच्या आधी हिशेब

चि. मुक्तास,

सोलर पॅनेलचं तापमान काढण्यासाठी त्याचा मेश, म्हणजे छोट्या तुकड्यांचं (एलिमेंटचं) जाळं, करताना संगणक अडतो, म्हणून तू मोठ्या सर्व्हरच्या मागे लागली आहेस. त्याआधी तासभर वही घेऊन बस.

सिलिकॉनचा सेल १८० मायक्रॉन जाड, पॅनेल दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद. सेलच्या जाडीत तीन घनाकार एलिमेंट बसवायचे म्हटलं, तर एवढ्या पृष्ठभागावर त्या एकाच थरात दीड अब्जाहून जास्त एलिमेंट होतील. एवढ्यांची गरज आहे का, हे आधी तपासू.

प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घे आणि तिला उष्णतावाहकतेने भाग; तो त्या थराचा उष्णतारोध. ३.२ मिमी काचेचा रोध साधारण ०.००१८ येतो, सेलला चिकटलेल्या, सुमारे अर्ध्या मिमीच्या ईव्हीए थराचा ०.००१३, मागच्या बॅकशीटचा ०.००१५. सिलिकॉनचा मात्र ०.०००००१२! म्हणजे सेलच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या तापमानात अंशाच्या हजाराव्या भागाचाही फरक पडत नाही. तिथे जाडीत एलिमेंट कशाला? तो थर शेल म्हणून, म्हणजे जाडीत तुकडे न पाडता, घे. मंद वाऱ्यात हवेकडे उष्णता जाण्याचा रोध ०.१ च्या आसपास असतो, म्हणजे सगळ्या थरांच्या बेरजेच्या पंधरापटीहून जास्त. तुझं उत्तर खरं तर वाऱ्याच्या आणि प्रारणाच्या आकड्यांवर ठरणार आहे. वेळ तिथे घाल.

पण पातळ थर बिनमहत्त्वाचा समजून सिलिकॉन वगळू नकोस. आडव्या दिशेत वाहकता आणि जाडी यांचा गुणाकार पाहा: सिलिकॉनचा काचेच्या चौपटीहून जास्त भरतो. सावलीमुळे एखादा सेल तापला की ती उष्णता मुख्यतः सिलिकॉनमधूनच पसरते, आणि दोन सेलमधल्या फटीशी अडते. म्हणून सगळे थर एकत्र करून एकच सरासरी वाहकता देऊ नकोस. आडवी आणि उभी वाहकता वेगळी ठेव, फटी दाखव.

आडव्या दिशेत ही उष्णता चार-एक सेंटीमीटर पसरते. त्यामुळे एक सेंटीमीटरच्या मेशने सुरुवात कर, तापलेल्या सेलपाशी आणि फटींपाशी तो बराच बारीक कर. मग सगळीकडे निम्मा करून पाहा. कमाल तापमान बदलत राहिलं, तर अजून बारीक कर. शेवटी आत आलेली ऊर्जा आणि बाहेर गेलेली उष्णता अधिक वीज यांचा ताळा जुळव.

बाळा, तापमान वाढलं की एका अंशामागे पॅनेलची सुमारे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता कमी होते. तुझ्या आकड्यावर उद्या कुणी विजेचा अंदाज बांधेल, त्यासाठी पैसे घालेल. त्याला रंगीत चित्र नको, भरवशाचं तापमान हवं. पुढच्या पत्रात चित्रांच्या आधी हा हिशेब पाठव.

तुझा,
मामा